नवजात बालकाच्या स्तनपानाची सुरुवात

नवजात बालकाच्या स्तनपानाची सुरुवात म्हणजे प्रसूतीनंतर बाळाला प्रथम स्तनाशी धरण्यापासून आईला पुरेसे दूध येऊन पाजण्याचा क्रम स्थिर होईपर्यंतचा काळ होय. हा काळ साधारणपणे जन्मानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांचा असतो. बोलीभाषेत स्तनपानाला 'अंगावर पाजणे' असे म्हणतात, तर आईच्या दुधाऐवजी दिल्या जाणाऱ्या गाई-म्हशीच्या किंवा डब्याच्या दुधाला 'वरचे दूध' ही संज्ञा रूढ आहे.

जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या शिफारशीनुसार जन्मानंतर एका तासाच्या आत स्तनपान सुरू करावे, पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे आणि त्यानंतर पूरक आहारासोबत दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ स्तनपान चालू ठेवावे. 'केवळ स्तनपान' याचा अर्थ पाणी, मध, घुटी किंवा वरचे दूध यांपैकी काहीही न देणे असा आहे. डॉक्टरांनी सांगितलेली औषधे, क्षारसंजीवनी आणि जीवनसत्त्वांचे थेंब यांचा त्याला अपवाद असतो.

स्तनपान ही नैसर्गिक क्रिया असली तरी ती आई आणि बाळ या दोघांनाही शिकावी लागते. पहिल्या काही दिवसांत 'दूध पुरत नाही' असे वाटून वरचे दूध सुरू होणे हे स्तनपान अकाली बंद पडण्याचे एक प्रमुख कारण आहे. दुधाचे प्रमाण मुख्यतः बाळ किती वेळा आणि किती नीट दूध ओढते यावर अवलंबून असते. त्यामुळे सुरुवातीच्या दिवसांत झालेला विलंब किंवा आलेला अडथळा पुढील अनेक महिन्यांच्या स्तनपानावर परिणाम करू शकतो.

दूध तयार होण्याची क्रिया

स्तनामध्ये दूध तयार करणाऱ्या सूक्ष्म पिशव्या असतात. त्यांतून निघणाऱ्या बारीक नलिका एकत्र येऊन स्तनाग्रापाशी उघडतात. गर्भारपणाच्या मध्यापासूनच या पिशव्यांमध्ये अल्प प्रमाणात दाट द्रव तयार होऊ लागतो. मात्र वारेतून स्रवणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे दुधाची भरपूर निर्मिती रोखलेली असते. प्रसूतीनंतर वार पडली की या संप्रेरकाचे रक्तातील प्रमाण झपाट्याने घटते आणि साधारणपणे दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान स्तन भरून येऊ लागतात. यालाच व्यवहारात 'दूध उतरणे' असे म्हणतात.

यानंतरची निर्मिती प्रामुख्याने दोन संप्रेरकांवर अवलंबून असते. बाळ स्तन चोखू लागले की त्याची संवेदना मज्जातंतूंमार्फत आईच्या मेंदूपर्यंत पोहोचते आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून ही संप्रेरके रक्तात मिसळतात. त्यांपैकी प्रोलॅक्टिनमुळे दूध तयार होते. त्याचे प्रमाण रात्री अधिक असते, त्यामुळे रात्रीचे पाजणे दूध वाढण्यासाठी विशेष उपयुक्त ठरते. ऑक्सिटोसिनमुळे दुधाच्या पिशव्यांभोवतीच्या पेशी आकुंचन पावतात आणि तयार झालेले दूध स्तनाग्राकडे ढकलले जाते. या क्रियेला मराठीत 'पान्हा फुटणे' असा नेमका शब्द आहे. बाळाचा स्पर्श, वास, आवाज किंवा नुसती आठवणही पान्हा फुटण्यास पुरेशी असते. उलट तीव्र वेदना, भीती आणि मानसिक ताण यांमुळे पान्हा तात्पुरता रोखला जाऊ शकतो. ऑक्सिटोसिनमुळे गर्भाशयही आकुंचन पावते. त्यामुळे पहिल्या दिवसांत पाजताना ओटीपोटात कळा येतात आणि प्रसूतीनंतरचा रक्तस्राव आटोक्यात राहण्यास मदत होते.

याखेरीज स्तनातच एक स्थानिक नियंत्रण असते. स्तनात दूध साचून राहिले तर त्या स्तनातील निर्मिती मंदावते आणि स्तन रिकामा झाला की ती वाढते. म्हणून दूध 'साठवून ठेवल्याने' वाढते ही समजूत चुकीची आहे.

चीक

प्रसूतीनंतर पहिले दोन-तीन दिवस येणाऱ्या दाट, पिवळसर दुधाला 'चीक' किंवा 'चिकाचे दूध' म्हणतात. चिकाचे प्रमाण फार कमी असते. पहिल्या २४ तासांत ते सरासरी ३० मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे जेमतेम सहा लहान चमचे भरते. नवजात बाळाचे जठर लहान असल्याने आणि जन्मतः त्याच्या शरीरात काही साठा असल्याने निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळासाठी हे प्रमाण सामान्यतः पुरेसे असते. त्यानंतर दुधाचे प्रमाण वेगाने वाढते. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत ते दिवसाला सुमारे अर्धा लिटर होते आणि महिन्याभरात सरासरी पाऊण लिटरपर्यंत पोहोचते.

चिकामध्ये प्रथिने, जीवनसत्त्व अ, पांढऱ्या रक्तपेशी, लॅक्टोफेरिन आणि मुख्यत्वे 'आयजीए' या प्रकारची प्रतिपिंडे विपुल असतात. ही प्रतिपिंडे बाळाच्या आतड्याच्या अस्तरावर पसरून रोगजंतूंना शरीरात शिरण्यापासून रोखतात. चीक सौम्य रेचकही असतो. त्यामुळे बाळाची पहिली काळी, चिकट शी लवकर बाहेर पडते आणि काविळीची तीव्रता कमी राहण्यास मदत होते.

पहिला तास

सुदृढ बाळाला जन्मल्यावर लगेच कोरडे करून आईच्या उघड्या छातीवर पालथे ठेवावे आणि दोघांवर मिळून पांघरूण घालावे, असे आज सर्वत्र सुचवले जाते. यात आईची व बाळाची त्वचा एकमेकींना भिडलेली असते. या स्पर्शामुळे बाळाच्या शरीराची ऊब टिकते, श्वास व हृदयाचे ठोके स्थिर होतात आणि रक्तातील साखर योग्य पातळीवर राहण्यास मदत होते. बाळाचे नाक व तोंड मोकळे आहे आणि त्याचा रंग व श्वास ठीक आहे याकडे या वेळी कोणीतरी सतत लक्ष देणे आवश्यक असते.

असे ठेवलेले बाळ काही वेळ शांत पडून राहते, मग हात तोंडाकडे नेते, चोखण्याच्या हालचाली करते आणि पायांनी रेटत हळूहळू स्तनाकडे सरकते. वासाच्या आधाराने ते स्तनाग्र शोधते आणि अनेकदा तासाभरात स्वतःहून चोखू लागते. स्वीडनमधील संशोधकांनी १९८७ साली या क्रमाचे तपशीलवार वर्णन केले. मुंबईतील बालरोगतज्ज्ञांनी युनिसेफच्या सहकार्याने २००७ साली या विषयावर तयार केलेला लघुपट आणि पुस्तिका प्रशिक्षणासाठी देशाबाहेरही वापरली गेली.

स्वीडनमध्येच १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७२ बालकांचे निरीक्षण करण्यात आले. वजन-मापे घेण्यासाठी थोड्या वेळाने आईपासून दूर नेलेल्या आणि आईला प्रसूतीवेळी पेथिडिन हे वेदनाशामक दिलेल्या बालकांमध्ये नीट चोखण्याचे प्रमाण कमी आढळले. त्यामुळे वजन करणे, टोचणे, कपडे घालणे यांसारखी कामे पहिले पाजणे होईपर्यंत लांबवावीत असा प्रघात पडला. पहिली आंघोळ किमान २४ तासांनंतर घालावी अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

पहिल्या तासानंतर बहुतेक बाळे गाढ झोपतात. त्यामुळे ही वेळ टळल्यास पुढचा प्रयत्न काही तासांनीच साधतो. घानामध्ये १०,९४७ नवजात बालकांचा अभ्यास होऊन त्याचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. सर्व बालकांना पहिल्या दिवशी स्तनपान सुरू झाल्यास नवजात मृत्यूंपैकी १६ टक्के आणि पहिल्या तासात सुरू झाल्यास २२ टक्के मृत्यू टळू शकतील, असा अंदाज या अभ्यासात मांडण्यात आला. पहिला तास हुकला तरी स्तनपान अशक्य होत नाही. अशा वेळी आई-बाळ एकत्र येताच त्वचास्पर्श देऊन सुरुवात करता येते.

बाळाला धरण्याच्या पद्धती

पाजताना आईने पाठीला आधार घेऊन सैल बसावे. बाळाकडे वाकण्याऐवजी बाळाला स्तनाजवळ आणावे, अन्यथा पाठ व मान आखडते. कोणत्याही पद्धतीत चार गोष्टी पाहिल्या जातात: बाळाचे डोके, मान व धड एका रेषेत असावे, त्याचे पोट आईच्या पोटाकडे वळलेले असावे, ते आईला अगदी बिलगलेले असावे, आणि केवळ मानेला न देता त्याच्या सर्व शरीराला आधार असावा.

मांडीवर घेऊन पाजणे ही सर्वांत परिचित पद्धत आहे. यात ज्या बाजूला पाजायचे त्याच बाजूच्या हातावर बाळाचे डोके असते. नवख्या आईसाठी विरुद्ध हाताने धरण्याची पद्धत सोपी ठरते. उजव्या स्तनाला पाजताना बाळ डाव्या हातावर धरले जाते आणि डाव्या तळव्याने त्याची मान सावरली जाते, त्यामुळे डोक्याची दिशा नियंत्रित करता येते. काखेतून धरण्याच्या पद्धतीत बाळाचे धड आईच्या काखेखाली व पाय मागच्या बाजूला असतात. शस्त्रक्रियेच्या टाक्यांवर भार येत नसल्याने सिझेरियननंतर आणि जुळ्या बाळांसाठी ती सोयीची असते. रात्री किंवा थकवा असताना कुशीवर झोपून पाजता येते. मात्र सोफ्यावर किंवा खुर्चीत बाळाला घेऊन डोळा लागणे धोकादायक असते.

योग्य पकड

बाळाने स्तन तोंडात कसा धरला आहे यावर दूध मिळणे आणि आईला वेदना न होणे या दोन्ही गोष्टी अवलंबून असतात. बाळाने केवळ स्तनाग्र न धरता त्याभोवतीच्या काळसर वर्तुळाचा बराचसा भाग तोंडात घ्यावा लागतो. त्यासाठी स्तनाग्र बाळाच्या वरच्या ओठाला हलके लावले जाते. बाळाने जांभई दिल्याप्रमाणे तोंड मोठे उघडले की त्याला चटकन स्तनाजवळ आणले जाते. खालचा जबडा आधी स्तनाला टेकणे आणि स्तनाग्राचा रोख टाळूकडे असणे इष्ट असते.

योग्य पकडीची चिन्हे पुढीलप्रमाणे आहेत:

बाळाचे तोंड पूर्ण उघडलेले असते.
खालचा ओठ बाहेरच्या बाजूला वळलेला असतो.
हनुवटी स्तनाला टेकलेली असते.
काळसर वर्तुळाचा भाग बाळाच्या वरच्या ओठाच्या वर अधिक आणि खाली कमी दिसतो.
गाल फुगीर राहतात, आत ओढले जात नाहीत.
सुरुवातीच्या जलद चोखण्यानंतर लय संथ व खोल होते आणि गिळल्याचा आवाज ऐकू येतो.

पहिले काही क्षण थोडे ओढल्यासारखे वाटणे सामान्य आहे. वेदना चालू राहिल्यास पकड चुकीची असण्याची शक्यता असते. अशा वेळी बाळाला तसेच ओढून काढू नये. तोंडाच्या कोपऱ्यातून स्वच्छ करंगळी आत घालून पकड सैल करावी आणि पुन्हा नव्याने धरावे.

पाजण्याची वेळ व वारंवारता

नवजात बाळाला घड्याळाप्रमाणे नव्हे तर त्याच्या मागणीप्रमाणे पाजावे असे मानले जाते. भुकेची पहिली चिन्हे म्हणजे झोपेत चुळबुळ, तोंड उघडून मान इकडेतिकडे वळवणे, जीभ बाहेर काढणे आणि मुठी चोखणे. रडणे हे भुकेचे उशिराचे चिन्ह आहे. रडून दमलेले बाळ स्तन नीट पकडू शकत नाही, म्हणून त्याला आधी शांत करावे लागते.

पहिल्या दिवसानंतर बहुतेक बाळे २४ तासांत ८ ते १२ वेळा पितात. पाजण्याच्या दोन वेळांमधील अंतर सारखे नसते. विशेषतः संध्याकाळी व रात्री बाळ पुन्हा पुन्हा मागू शकते आणि ते दूध कमी असल्याचे लक्षण नसते. फार झोपाळू, कमी वजनाच्या किंवा कावीळ झालेल्या बाळाला मात्र दर दोन-तीन तासांनी उठवून पाजावे लागते. एका बाजूचे पिणे बाळाने स्वतःहून थांबवल्यावरच दुसरी बाजू द्यावी, कारण सुरुवातीचे दूध तुलनेने पातळ आणि शेवटी येणारे दूध अधिक स्निग्ध असते.

आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते. त्यामुळे विदर्भ-मराठवाड्यातील कडक उन्हाळ्यातही सहा महिन्यांच्या आतील बाळाला वेगळे पाणी देण्याची गरज नसते. तहानलेले बाळ अधिक वेळा पिऊन ती भागवते.

दूध पुरत असल्याची चिन्हे

बाळाने किती दूध घेतले हे दिसत नसल्याने शंका निर्माण होणे स्वाभाविक असते. ती दूर करण्यासाठी रडण्यापेक्षा लघवी, शी आणि वजन हे अधिक भरवशाचे निकष आहेत. पहिल्या दिवशी एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा याप्रमाणे लघवीची संख्या वाढत जाते आणि पाचव्या दिवसानंतर २४ तासांत सहा किंवा अधिक वेळा फिकट रंगाची लघवी होते. सुरुवातीची काळी शी तिसऱ्या दिवसाच्या सुमारास हिरवट आणि चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी होते.

जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत बाळाचे वजन थोडे घटते. ही घट सामान्यतः ७ टक्क्यांपर्यंत असते आणि दोन आठवड्यांच्या आत बाळ पुन्हा जन्मवजनावर येते. घट १० टक्क्यांच्या जवळ गेल्यास पाजण्याची तपासणी व वैद्यकीय सल्ला आवश्यक असतो.

पुढील लक्षणे दिसल्यास बाळाला विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे लागते: पिण्यास नकार देणे किंवा अगदी मलूल होणे, ताप येणे किंवा अंग गार पडणे, श्वास जलद होणे, झटके येणे, पाचव्या दिवसानंतरही लघवी फार कमी किंवा गडद होणे, आणि काविळीचा पिवळेपणा हातापायांच्या तळव्यांपर्यंत पोहोचणे अथवा जन्मानंतर २४ तासांच्या आतच दिसणे.

सुरुवातीच्या अडचणी

स्तनाग्र दुखणे व चिरा पडणे

याचे सर्वांत सामान्य कारण चुकीची पकड हे आहे. पकड सुधारल्यावर दुखणे बहुधा काही दिवसांत थांबते. पाजून झाल्यावर दुधाचाच थेंब स्तनाग्रावर लावून वाळू द्यावा आणि साबणाचा वापर टाळावा असा सल्ला दिला जातो. बाळाची जीभ खालच्या बाजूने आखूड बांधलेली असल्यासही पकड जमत नाही, त्याची तपासणी डॉक्टरांकडून करून घेता येते.

दूध दाटणे

तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्तन कडक, जड व दुखरे होतात. स्तन ताणला गेल्याने स्तनाग्र सपाट होते आणि बाळाला ते धरता येत नाही. पाजण्यापूर्वी थोडे दूध हाताने काढल्यास तो भाग मऊ होतो. वारंवार पाजणे हा यावरील मुख्य उपाय आहे. पाजल्यानंतर गार पट्ट्या ठेवल्याने आराम पडतो.

स्तनदाह

स्तनाचा एखादा भाग लाल, गरम व दुखरा होऊन ताप व अंगदुखी सुरू झाल्यास स्तनदाहाची शक्यता असते. अशा वेळी पाजणे थांबवू नये, कारण दूध साचल्याने गळू होण्याचा धोका वाढतो. प्रतिजैविकांची गरज आहे का हे डॉक्टर ठरवतात आणि स्तनपानात चालणारी औषधे उपलब्ध आहेत.

दूध पुरत नसल्याची भावना

ही सर्वाधिक आढळणारी तक्रार आहे. दूध उतरल्यानंतरचा ताण आठवड्या-दोन आठवड्यांत कमी होऊन स्तन मऊ होतात, बाळ संध्याकाळी किरकिरते आणि वारंवार मागते. या सर्व सामान्य गोष्टींचा अर्थ दूध आटले असा लावला जातो. त्यावर वरचे दूध दिले की बाळ अधिक वेळ झोपते, तेवढा वेळ स्तन रिकामा होत नाही आणि निर्मिती खरोखरच घटते. अशा प्रकारे मुळात नसलेली कमतरता उपायातूनच निर्माण होते.

दूध खरोखर कमी असण्याची कारणेही आहेत. वारेचा तुकडा गर्भाशयात राहणे, प्रसूतीच्या वेळी अति रक्तस्राव, थायरॉइडचे विकार, स्तनावरील पूर्वीची शस्त्रक्रिया आणि स्तनातील ग्रंथींची अपुरी वाढ यांचा त्यात समावेश होतो. अशा मातांच्या बाबतीत किंवा बाळाची साखर अथवा वजन धोक्याच्या पातळीपर्यंत घटल्यास पूरक दूध देणे हा आवश्यक उपचार असतो आणि त्यात आईचा दोष नसतो. पूरक म्हणून प्रथम आईचे काढलेले दूध, ते नसल्यास दुग्धपेढीतील दूध आणि तेही उपलब्ध नसल्यास डब्याचे दूध असा पसंतीचा क्रम असतो. ते वाटी-चमच्याने किंवा उकळून घेतलेल्या बोंडल्याने पाजतात. बाटली नीट निर्जंतुक न झाल्यास जुलाबाचा धोका असतो, शिवाय काही बाळे बाटलीची सवय लागल्यावर स्तन नाकारतात.

विशेष परिस्थिती

सिझेरियन शस्त्रक्रिया पाठीत भूल देऊन झाली असल्यास आई जागी असते आणि मदतनिसाच्या आधाराने पहिल्या तासात पाजणे शक्य असते. पूर्ण भूल दिली असल्यास आई शुद्धीवर येताच सुरुवात करतात. सिझेरियननंतर दूध उतरण्यास थोडा उशीर होऊ शकतो.

अकाली जन्मलेल्या किंवा कमी वजनाच्या बाळांना चोखणे, गिळणे व श्वास यांचा मेळ जमत नाही. सुमारे ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळांमध्ये हे विशेष दिसते. अशा वेळी प्रसूतीनंतर शक्य तितक्या लवकर आणि दिवसातून किमान आठ वेळा दूध काढून ते नळीने किंवा वाटी-चमच्याने दिले जाते. बाळाला आईच्या छातीशी उभे बांधून ठेवण्याची 'कांगारू मातृसेवा' कोलंबियातील बोगोटा शहरात १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. तिच्यामुळे दूध वाढण्यास मदत होते.

सर्दी, ताप, जुलाब यांसारख्या आईच्या बहुतेक आजारांत स्तनपान चालू ठेवता येते. हेपॅटायटिस बी असलेल्या मातेच्या बाळाला जन्मतः लस व प्रतिपिंडे दिल्यास तिला पाजता येते. एचआयव्हीबाधित मातेने नियमित औषधोपचार घेत डॉक्टरांच्या देखरेखीखाली निर्णय घ्यावा लागतो. बाळाला गॅलॅक्टोसेमिया हा दुर्मीळ आनुवंशिक विकार असल्यास आणि आईवर कर्करोगाची काही औषधे किंवा किरणोत्सारी द्रव्ये यांचे उपचार चालू असल्यास स्तनपान देता येत नाही.

परंपरा व समजुती

भारतातील अनेक भागांत चीक 'जड' किंवा 'खराब' समजून पिळून टाकण्याची आणि दूध उतरेपर्यंत बाळाला मध, गूळपाणी, साखरपाणी किंवा घुटी देण्याची पद्धत होती. सुश्रुतसंहितेत प्रसूतीनंतर तीन किंवा चार रात्रींनी दूध सुरू होते असे म्हटले असून तोपर्यंत मध व तूप देण्यास सांगितले आहे. चरकसंहितेत मात्र मध-तूप चाटवल्यानंतर उजव्या स्तनापासून पाजण्यास सांगितले आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरते हे निरीक्षण आधुनिक शरीरक्रियाशास्त्राशी जुळते, परंतु त्याआधीचा चीक हेच बाळाचे पहिले अन्न असते. महाराष्ट्रात गाई-म्हशीच्या चिकाचा खरवस आवडीने खाल्ला जातो, त्या तुलनेत मानवी चिकाविषयीची ही समजूत लक्षणीय आहे.

जन्मल्यावर चाटवलेला मध, घुटी किंवा पाणी यांमुळे बाळाची भूक मंदावते, चोखणे लांबते आणि जंतुसंसर्गाचा धोका निर्माण होतो. मधातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकत असल्याने एक वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये असे सांगितले जाते.

बाळंतिणीला अळीव, डिंक व मेथीचे लाडू, खीर, शेपूची भाजी आणि बाळंतशोपा देण्याची मराठी घरांतील प्रथा तिच्या पोषणाला पूरक आहे. तथापि या पदार्थांनी थेट दूध वाढते असा ठोस वैज्ञानिक पुरावा मर्यादित असून ते वारंवार पाजण्याला पर्याय ठरत नाहीत. प्रसूतीसाठी माहेरी जाण्याच्या रूढीमुळे आईला विश्रांती व अनुभवी स्त्रियांची सोबत मिळते. पहिले पाजणे, रात्रीचे जागरण आणि वरच्या दुधाविषयीचे निर्णय यांवर घरातील ज्येष्ठांचा मोठा प्रभाव असल्याने आरोग्यशिक्षणात आजी व वडील यांनाही सामील करून घेतले जाते.

भारतातील स्थिती व धोरण

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ मध्ये, भारतातील ७८.९ टक्के प्रसूती संस्थांमध्ये झाल्या होत्या. पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, हे प्रमाण ८८.६ टक्क्यांवर पोहोचले. याच काळात पहिल्या तासात स्तनपान सुरू झालेल्या बालकांचे प्रमाण ४१.६ वरून केवळ ४१.८ टक्के झाले. सहा महिन्यांखालील बालकांमधील केवळ स्तनपानाचे प्रमाण मात्र ५४.९ वरून ६३.७ टक्क्यांपर्यंत वाढले. प्रसूती रुग्णालयात झाल्याने स्तनपान आपोआप लवकर सुरू होत नाही, त्यासाठी प्रसूतिकक्षातील कार्यपद्धती बदलावी लागते, हे या आकडेवारीवरून दिसते.

जागतिक आरोग्य परिषदेने मे १९८१ मध्ये स्तन्यपर्यायांच्या विक्रीविषयक आंतरराष्ट्रीय संहिता स्वीकारली. त्या धर्तीवर भारताने १९९२ साली अर्भक दुग्धपर्याय, दूध पाजण्याच्या बाटल्या व अर्भक अन्न यांविषयीचा कायदा केला आणि २००३ साली तो अधिक कडक केला. या कायद्यानुसार दोन वर्षांपर्यंतच्या बालकांसाठीच्या अशा उत्पादनांची जाहिरात करणे, मातांना मोफत नमुने देणे आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रलोभने देणे यांस मनाई आहे. ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया या संस्थेची स्थापना ३ डिसेंबर १९९१ रोजी वर्धा येथे झाली. दरवर्षी १ ते ७ ऑगस्ट हा जागतिक स्तनपान सप्ताह म्हणून पाळला जातो. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये 'मा' हा स्तनपान प्रोत्साहन कार्यक्रम सुरू केला.

आशियातील पहिली मानवी दुग्धपेढी १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने मुंबईतील शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात स्थापन झाली. अशा पेढ्यांमध्ये मातांनी दान केलेले दूध तपासून व पाश्चरीकरण करून अकाली जन्मलेल्या आणि आजारी बालकांना दिले जाते.

घरी गेल्यानंतरच्या आधारासाठी आशा कार्यकर्ती रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट देते. या भेटींत बाळाचे वजन करणे, पाजण्याची पद्धत पाहणे आणि धोक्याची लक्षणे ओळखणे अपेक्षित असते. दूध उतरण्याचा आणि शंका सर्वाधिक असण्याचा काळ तिसऱ्या ते सातव्या दिवसांचा असल्याने पहिल्या दोन भेटी स्तनपानाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाच्या ठरतात. घराबाहेर पाजता यावे यासाठी महाराष्ट्रातील अनेक एसटी बसस्थानकांवर व शासकीय कार्यालयांत स्वतंत्र खोल्या ठेवलेल्या असतात. तान्ह्या बाळाला पाजण्यासाठी रात्री रायगडाचा कडा उतरून गेलेल्या गवळणीच्या आख्यायिकेवरून त्यांना 'हिरकणी कक्ष' असे नाव देण्यात आले आहे.